डार्केस्ट डंजन : राक्षस परवडले, आपलीच माणसं सांभाळा

सॅनिटी मीटर, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे ते मोजणारी पट्टी, असलेले गेम बरेच आहेत, पण बहुतेकांमध्ये त्या मीटरचं काम एवढंच की तो खाली गेला की स्क्रीन डुलायला लागते, कडा काळ्या होतात, कानात कुजबुज ऐकू येते. 2002 चा गेमक्यूबवरचा इटर्नल डार्कनेस यात सगळ्यात डांबिस, तो थेट खेळणाऱ्यालाच गंडवायचा, टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतोय असं दाखवायचा, सेव्ह डिलीट होतायत असं दाखवायचा. 2010 च्या अ‍ॅम्नेशियामध्ये अंधारात जास्त वेळ काढला की डोकं फिरायला लागतं. दोन्ही भारीच आहेत, पण तिथे वेड एका माणसाचं असतं आणि थोड्या वेळाने उतरतं. डार्केस्ट डंजनमध्ये एका वेळी चार माणसं असतात, एकाचं बिघडलं की ते दुसऱ्याला लागतं, आणि मोहीम संपली तरी ते सगळं तुमच्यासोबत गावात परत येतं, पुढच्या आठवड्याचं गणित बिघडवतं. माझ्या मते सॅनिटी हा प्रकार इतका मुळापासून गेममध्ये विणलेला दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं झाली तरी मी हा गेम लोकांना सांगत असतो.

आधी थोडी माहिती. कॅनडातल्या व्हँकुव्हरचा रेड हूक हा छोटा स्टुडिओ, ख्रिस बोरासा आणि टायलर सिगमन या दोघांनी उभा केलेला. 2014 च्या फेब्रुवारीत किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 75 हजार डॉलर मागितले होते, जमले 3 लाखांच्या वर. 2015 च्या फेब्रुवारीत अर्ली अ‍ॅक्सेस, म्हणजे गेम अपुरा असतानाच विक्री, आणि 19 जानेवारी 2016 ला पूर्ण गेम. आता पीसी, प्लेस्टेशन, स्विच, एक्सबॉक्स, आयपॅड असं सगळीकडे आहे. टूडी गेम आहे, साधा लॅपटॉपही पुरतो, ग्राफिक्स कार्डची काळजी नको.

गोष्ट अशी की तुमच्या एका पूर्वजाने ऐश करून कंटाळा आल्यावर वाड्याखाली काहीतरी अचाट शक्ती आहे म्हणून सगळी दौलत घालून खणायला लावलं, खणता खणता जे सापडायला नको ते सापडलं, मग तुम्हाला पत्र लिहून बोलावून घेतलं आणि स्वतःला संपवून मोकळा झाला. आता पडकी गढी, डुकरांनी भरलेली भुयारं, सडलेलं जंगल आणि समुद्राकाठच्या गुहा, हे सगळं साफ करायची जबाबदारी तुमच्यावर. तुम्ही स्वतः कुठेच जात नाही बरं का, तुम्ही फक्त माणसं भरती करता आणि पाठवता. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण या गेमची सगळी भीती इथूनच येते, मरणारा दुसरा असतो आणि निर्णय तुमचा असतो.

रोगलाइक म्हणावं का रोगलाइट यावर लोक भांडतात. प्रत्येक मोहिमेचा नकाशा नव्याने तयार होतो, मेलेला हिरो कायमचा मेला, सेव्ह आपोआप होतं त्यामुळे मागे जाऊन परत ट्राय करायची सोय नाही. पण गाव आणि तुम्ही केलेले अपग्रेड टिकतात, त्यामुळे सगळं शून्यापासून सुरू होत नाही. मला यात नाव काय द्यायचं याचं काही वाटत नाही, परमाडेथ, म्हणजे हे कायमचं मरण, खरा आहे आणि तो लागतो, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट, स्ट्रेस. प्रत्येक हिरोला तब्येतीच्या पट्टीखाली एक स्ट्रेसची पट्टी असते, 0 ते 200. अंधारात चाललं की वाढतो, कॉरिडॉरमध्ये मागे फिरलं की वाढतो, भूक लागली आणि खायला नसलं की वाढतो, शत्रूचा क्रिट, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार फटका, बसला की वाढतो, शेजारचा मेला की तर विचारूच नका. 100 ला पोचला की खेळ थांबतो, स्क्रीन काळी होते, त्या हिरोचा चेहरा पुढे येतो आणि त्याची परीक्षा होते. साधारण 25 टक्के वेळा तो उलट पेटून उठतो, याला व्हर्च्यू म्हणतात, बाकीच्या वेळी अफ्लिक्शन, म्हणजे डोकं गेलं. भित्रा होतो, संशयी होतो, स्वार्थी होतो, शिवीगाळ करायला लागतो, आशा सोडून देतो, स्वतःलाच दुखवायला लागतो किंवा काहीच्या काही वागायला लागतो. आणि 200 ला पोचला तर हार्ट अटॅक, तब्येत थेट शून्यावर, आधीच शून्यावर असेल तर गेला.

हे सगळं वाचताना नुसते आकडे वाटतील, पण खरी गंमत अफ्लिक्शन झाल्यावर त्या माणसाच्या वागण्यात आहे, कारण त्यानंतर तो पूर्णपणे तुमचा राहत नाही. तुम्ही हील करायला, म्हणजे तब्येत भरून काढायला जाता, तो म्हणतो मला हात लावू नका. त्याचा टर्न आला की कधी गप्प उभा राहतो, कधी रांगेत स्वतःच पुढे घुसतो. स्वार्थी झालेला असेल तर पेटी उघडून त्यातला माल स्वतःच्या खिशात घालतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोंड. दर थोड्या वेळाने काहीतरी घालून पाडून बोलतो आणि ते ऐकून बाकीच्या तिघांचा स्ट्रेस वाढतो. घरातलं एक माणूस सतत धुसफुसत असलं की सगळ्या घराचा मूड जातो ना, अगदी तसं. मग दुसरा 100 ला पोचतो, मग तिसरा. राक्षस समोर असतोच, पण पार्टी, म्हणजे तुमची चौघांची टोळी, आतून तुटत जाते आणि तुम्ही बघत बसता.

एक प्रसंग सविस्तर सांगतो म्हणजे या सगळ्या गोष्टी एकमेकांत कशा अडकल्यात ते कळेल. गढीमधली मोहीम, 90 टक्के खोल्या बघायच्या. पार्टी अशी (नावं हिरोंच्या प्रकारांची), पुढे हेलियन, तिच्या मागे क्रुसेडर, मग प्लेग डॉक्टर, शेवटी हील करायला वेस्टल. या गेममध्ये रांगेतली जागा म्हणजे सर्वस्व, चार जागा तुमच्या चार त्यांच्या, आणि प्रत्येक अटॅक ठराविक जागेवरूनच मारता येतो आणि ठराविक जागेवरच लागतो. हेलियनचा आयर्न स्वान हा अटॅक फक्त पहिल्या जागेवरून मारता येतो आणि तो थेट समोरच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात मागच्याला लागतो. गढीत हा अटॅक सोन्याच्या भावाचा आहे, कारण तिथे मागे उभा असतो बोन कोर्टियर, हातात पेला घेतलेला सांगाडा, दिसायला किरकोळ, जखम जवळपास करतच नाही, पण तो पेला तुमच्यावर उडवतो आणि स्ट्रेस वाढवतो.

तर टॉर्च बऱ्यापैकी खाली गेलेली होती, शेवटच्या खोल्यांसाठी एक टॉर्च राखून ठेवली होती. उजेड कमी असला की शत्रू तुम्हाला अचानक गाठण्याची शक्यता वाढते, तसं गाठलं. आणि अचानक गाठलं की तुमची रांग विस्कटते, हे या गेममधलं सगळ्यात दुष्ट डिझाइन आणि मला ते प्रचंड आवडतं. हेलियन गेली तिसऱ्या जागेवर, वेस्टल आली दुसऱ्या. म्हणजे कोर्टियरला मारणारी जी एकच बाई होती तिच्या हातातून तो अटॅक गेला. तिला पुढे आणायचं तर एक एक टर्न खर्च, तोपर्यंत कोर्टियरने दोनदा पेला वेस्टलवर उडवला, त्यातला दुसरा क्रिट. वेस्टल 100 च्या पार. स्क्रीन काळी. अब्युझिव्ह, म्हणजे शिवीगाळ करणारी. पुढच्याच टर्नला ती प्लेग डॉक्टरला इतकं लागट बोलली की तिचाही स्ट्रेस चढला, आणि प्लेग डॉक्टरकडे तो मागच्या दोघांना गुंगी आणणारा गॅस होता जो तेव्हा सगळ्यात गरजेचा होता, तिचं टाळकं ठिकाणावर राहणं जास्त महत्त्वाचं होतं. शेवटी गॅस फेकला, कोर्टियर गुंगला, हेलियन पुढे सरकली आणि एका घावात त्याला उडवला. लढाई जिंकलो, कुणाची तब्येत फार गेलेली नाही, आणि तरी ती पार्टी संपलेली होती. क्रुसेडर 80 च्या घरात, प्लेग डॉक्टर 90 च्या, वेस्टल सगळ्यांना बोलत सुटलेली, आणि दोन खोल्या बाकी.

मोहीम तिथेच सोडून परत आलो. मोहिमेचं बक्षीस गेलं, पण तोवर गोळा केलेला माल राहिला, चौघं जिवंत राहिले. सोडून आल्यामुळे प्रत्येकाचा स्ट्रेस अजून थोडा चढतो, गेम तेवढंही फुकट देत नाही. आता बघा, या अख्ख्या प्रसंगात अचानक दचकवणारा एकही जम्पस्केअर नाही, स्क्रीन थरथरली नाही. एक टॉर्च वाचवायचा छोटासा निर्णय आणि त्यातून ही सगळी माळ. दोन खोल्यांचं बक्षीस समोर दिसत असताना मागे फिरायचं का नाही हे ठरवताना पोटात जो गोळा येतो, तो माझ्या मते कुठल्याही भुतापेक्षा मोठा हॉरर आहे.

टॉर्चबद्दल थोडं अजून. उजेडाची पट्टी 100 पर्यंत, एक टॉर्च पेटवली की 25 वाढते, चालत राहिलं की घटते. भरपूर उजेडात पुढचे धोके आधी कळतात, शत्रूंना तुम्ही अचानक गाठू शकता. अंधारात स्ट्रेस जास्त, शत्रूंचे क्रिट जास्त, पण लूटही जास्त. म्हणजे गेम तुम्हाला सारखी लालूच दाखवत असतो की विझवा टॉर्च, माल वाढेल. काही लोक मुद्दाम कच्च्या भरतीतल्या चौघांना पूर्ण अंधारात पाठवतात, मिळेल तेवढं सोनं उचलून पळून यायचं आणि त्या चौघांना निरोप. पूर्ण अंधारात शॅम्बलर नावाचा एक प्रकार भेटू शकतो, तो भेटला की सोनंही गेलं आणि माणसंही.

गावाकडे वळतो, कारण सॅनिटीचा अर्धा खेळ तिथे आहे. परत आलेल्या हिरोचा स्ट्रेस उतरवायला टॅव्हर्न आहे किंवा अ‍ॅबे. टॅव्हर्नमध्ये दारू, जुगार, कुंटणखाना. अ‍ॅबेमध्ये ध्यान, प्रार्थना आणि स्वतःला चाबकाचे फटके मारून घेणं. प्रत्येक ठिकाणी पैसे लागतात, जागा मोजक्या असतात आणि तिथे गेलेला हिरो त्या आठवड्याच्या मोहिमेला मिळत नाही. बरं, कोण कुठे जाईल हेही स्वभावावर. एखादा देवभीरू असेल तर तो प्रार्थनेशिवाय कुठेच जाणार नाही, एखादा पत्त्यात लबाडी करणारा म्हणून बदनाम असेल तर जुगाराच्या टेबलवर त्याला बसूच देत नाहीत. दारूच्या नादात कुणीतरी गायबच होतो आणि पुढच्या आठवड्यात यादीत दिसत नाही. आणि जी जागा तुम्हाला हवी असते तिथे नेमका गावाचा केअरटेकर स्वतः जाऊन बसलेला असतो.

हे स्वभाव, म्हणजे क्वर्क्स, मला स्ट्रेसइतकेच महत्त्वाचे वाटतात. मोहिमेवरून आलं की बहुतेक वेळा काहीतरी चिकटतं, चांगलं किंवा वाईट. चोरीची सवय लागलेला हिरो तुमच्याआधी पेटीला हात घालतो. कुणाला प्रेतांचं वेड लागतं, कुठे प्रेत दिसलं की न विचारता जाऊन चाळवतो आणि रोग घेऊन येतो. यावर उपाय म्हणून सॅनिटेरियम, तिथे पैसे भरून वाईट क्वर्क काढता येतो किंवा चांगला पक्का करता येतो. काही मोहिमांनंतर तुमच्या जुन्या हिरोकडे बघा, त्याच्या अंगावर सगळा इतिहास लिहिलेला असतो, या गुहेत हा घाबरतो कारण तिथे असं झालं होतं, हा डुकरांवर तुटून पडतो कारण तसं झालं होतं. गेम एक शब्दही गोष्ट सांगत नाही आणि तरी प्रत्येक हिरोची गोष्ट तयार होते. मी तर नावंही बदलून ठेवतो, आणि मग स्मशानात ती नावं वाचवत नाहीत.

मरणाचंही ऐका. तब्येत शून्य झाली की लगेच मरत नाही, त्याला डेथ्स डोअर म्हणतात, तिथून पुढचा प्रत्येक फटका म्हणजे मरणाचं नाणं उडवणं. वाचण्याची शक्यता मूळ 67 टक्के. म्हणजे तीनात एक वेळा गेला. यामुळे होतं काय की साधी रक्त वाहण्याची जखम किंवा विष, ज्याचं एरवी काही वाटत नाही, ते अचानक भयंकर होतं, कारण टर्नच्या सुरुवातीलाच 1 डॅमेज झालं तरी तो एक फटका धरला जातो. अशा वेळी 4 पॉइंटचं हील पण लाखमोलाचं. ऑकल्टिस्ट नावाचा एक हिरो आहे त्याचं हील तर शून्यही पडू शकतं आणि कधी छप्पर फाडके पडतं, वरून रक्तही वाहायला लावू शकतं, त्याला हीलर म्हणून नेणारे लोक वेगळ्याच काळजाचे.

आणि व्हर्च्यू! सगळं नकारात्मक बोललो पण चारातून एकदा जो पेटून उठतो ना, त्याची मजा दुसऱ्या कशात नाही. सगळी पार्टी मोडकळीला आलेली, क्रुसेडर 100 ला पोचला, आपण आता काय अफ्लिक्शन म्हणून बघतोय, आणि पडद्यावर सोनेरी उजेड, करेजियस, म्हणजे शूर. त्याचा स्ट्रेस खाली, आणि मग दर थोड्या वेळाने तो बाकीच्यांना धीर देतो, त्यांचाही उतरतो. हरलेली लढाई फिरते. खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटतं. हे जर 50 टक्के वेळा झालं असतं तर काहीच वाटलं नसतं, 25 वर ठेवलंय तेच बरोबर.

आवाजाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. पूर्वजाचा आवाज वेन जून यांचा, ते 2025 मध्ये गेले. खर्जातला, संथ, प्रत्येक शब्द चावून बोललेला. लढाई चांगली चालली की तो कौतुक करतो पण लगेच सांगतो की फार उडू नका, फटका बसला की टोमणा मारतो, कुणी मेला की एक वाक्य बोलतो आणि गप्प. इंग्रजी जड आहे, सबटायटल चालू ठेवा. हाच आवाज काढून टाकला तर गेम अर्धाच उरेल असं मला मनापासून वाटतं. चित्रं बोरासाच्या हातची, जाड काळी शाई, हिरोंचे डोळे कायम सावलीत, एकाचीही नजर दिसत नाही. संगीत स्टुअर्ट चॅटवुडचं, कॅम्प करताना जी धून लागते ती ऐकून थोडं हायसं वाटतं आणि नेमका तेव्हाच रात्री हल्ला होतो.

आता जे पटत नाही ते. मधला भाग लांबतो, खूप लांबतो. तिसऱ्या लेव्हलपासून पुढचे हिरो सोप्या मोहिमेला जायलाच नकार देतात, म्हणजे जुना तगडा हिरो नव्यांना सांभाळायला पाठवता येत नाही, नवीन पोरांना परत पहिल्यापासून तयार करा. त्यात गेमच्या नावाचीच जी शेवटची जागा, डार्केस्ट डंजन, तिथल्या चार मोहिमा, तिथून जिवंत आलेला हिरो परत तिथे जायला तयार नसतो. गोष्ट म्हणून हे एकदम पटतं, जे पाहिलं त्यानंतर कोण जाईल, पण खेळणाऱ्याला याचा अर्थ एवढाच की तीन चार पूर्ण पार्ट्या वरच्या लेव्हलपर्यंत घासत न्या. तेच ते बॉस थोडे जास्त तब्येतीचे होऊन तीनदा येतात. नेक्रोमॅन्सर, हॅग, सायरन हे पहिल्यांदा भेटले की काळजात धस्स होतं, हॅग तर तुमचा एक माणूस उचलून सरळ हंड्यात उकळायला टाकते, सायरन तुमच्याच माणसाला फितवून तुमच्यावर घालते. तिसऱ्यांदा भेटेपर्यंत त्यातली भीती गेलेली असते, हिशोब उरतो.

दुसरी गोष्ट, स्टेजकोचमधून, म्हणजे गावात भरतीची माणसं आणणाऱ्या घोडागाडीतून, येणारे नवे हिरो फुकट. त्यामुळे सुरुवातीला गणित असं बसतं की स्ट्रेस उतरवायला पैसे घालण्यापेक्षा त्या माणसाला हाकलून नवा घ्या. ज्या गेमने माणसाच्या मनाची इतकी किंमत दाखवली त्यातच माणूस वापरा आणि फेका हे सगळ्यात स्वस्त पडतं. काही जण म्हणतात हाच तर मुद्दा आहे, तुम्ही पूर्वजासारखेच होत चाललात हे गेम दाखवतोय. असेलही, पण मला वाटतं सुरुवातीच्या काही आठवड्यांत यामुळे स्ट्रेसचा धाक कमी होतो. पुढे ती खोट आपोआप भरून निघते, कारण पाचव्या लेव्हलच्या, हत्यारं आणि क्वर्क नीट बसवलेल्या हिरोला हाकलायची हिंमत होत नाही, तिथे एकेका माणसासाठी जीव तुटतो.

नशिबाचा भाग जास्त आहे हीही तक्रार सगळे करतात. वरच्या मोहिमांमध्ये पहिल्याच टर्नला दोन क्रिट एकाच माणसाला बसून तो डेथ्स डोअरवर जातो, तुम्ही अजून काही केलेलंच नसतं. राग येतो. पण या गेममध्ये नशिबावर मात करायची तयारी आधीच करायची असते, मधोमध नाही. पहिल्या टर्नला कोण आधी खेळणार, शत्रूला गुंगवणारा स्टन कुणाकडे, मागच्या दोघांपर्यंत हात कुणाचा पोचतो, हे गावातून निघतानाच ठरवलेलं हवं. ज्यांना हे आवडत नाही त्यांना हा गेम छळ वाटेल आणि त्यांचं चूकही नाही.

एक जुना वादही या निमित्ताने. 2015 च्या उन्हाळ्यात, अर्ली अ‍ॅक्सेस चालू असताना, एका अपडेटमध्ये दोन गोष्टी आल्या, मेलेल्या शत्रूचं प्रेत जागा अडवून पडून राहणार आणि 200 ला हार्ट अटॅक. लोक प्रचंड भडकले. स्टुडिओने शेवटी दोन्ही गोष्टी सेटिंगमधून बंद करायची सोय दिली पण मूळ डिझाइन सोडलं नाही. मला वाटतं बरोबर केलं. प्रेतं नसती तर पुढचे दोन मारले की मागचे आपोआप पुढे येतात आणि जागेच्या खेळाला काही अर्थच उरत नाही. दोन्ही चालूच ठेवा.

नव्याने घेणाऱ्यांसाठी. सुरुवातीला रेडियंट मोड घ्या, हा 2017 मध्ये आला, भीती तीच पण घासाघीस बरीच कमी. हिरोंचा लेव्हलवरून नकार पण यात थोडा सैल होतो. क्रिमसन कोर्ट हे डीएलसी, म्हणजे वेगळा विकत मिळणारा जोडभाग, पहिल्या खेळात बंद ठेवा, त्यात रक्ताचा एक शाप आहे जो हिरोंमध्ये पसरत जातो आणि आधीच स्ट्रेस सांभाळताना नाकी नऊ येत असताना त्यांची रक्ताची तहानही भागवत बसावी लागते. फावडी घ्यायला विसरू नका, रस्त्यात ढिगारा आला आणि फावडं नसलं तर हाताने उपसताना तब्येत, उजेड आणि स्ट्रेस तिन्ही जातं. गावात स्टेजकोच आधी वाढवा, माणसंच नसतील तर बाकीच्या इमारतींचं काय करायचं. पार्टीत एक तरी असा न्या जो लढाई चालू असताना स्ट्रेस उतरवू शकेल, जेस्टर यात सगळ्यात उत्तम, हाउंडमास्टर आणि क्रुसेडरही चालतात. वेस्टल आणि क्रुसेडर हे धार्मिक लोक अ‍ॅबॉमिनेशन नावाच्या हिरोसोबत मोहिमेवर जायला आधी नकार द्यायचे, नंतरच्या एका अपडेटमध्ये ही अट काढून टाकली. आणि लढाईत शत्रू निवडताना सवयीप्रमाणे सगळ्यात जास्त डॅमेज करणाऱ्याकडे धावू नका, मागे उभा राहून स्ट्रेस देणारा आधी संपवा. पुढचा धिप्पाड सांगाडा तुमची तब्येत खातो आणि ती पुढच्या टर्नला हीलने परत येते, मागच्या पेलेवाल्याने दिलेला स्ट्रेस उतरवायला गावात सोनं आणि एक आख्खा आठवडा जातो.

दुसरा भाग 2023 च्या मे महिन्यात पूर्ण आला, त्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. तो जास्त शुद्ध रोगलाइक आहे, गाव जवळपास नाहीच, घोडागाडीतून चौघांचा प्रवास, एक रन काही तासांचा. स्ट्रेस तिथे 0 ते 10, दहाला पोचला की बहुतेक वेळा मेल्टडाउन, म्हणजे माणूस कोसळतो, आणि चौघांचे आपापसातले संबंध, मैत्री, मत्सर, हे वेगळं मोजलं जातं. दिसायला पहिल्यापेक्षा कितीतरी सुंदर, थ्रीडी असून शाईचा पोत जपलाय. पण रन संपला की चौघं गेले आणि त्यांच्यासोबत त्यांचा स्ट्रेसही गेला. वेळ कमी असेल, एका बैठकीत काहीतरी पूर्ण व्हावं असं वाटत असेल तर दुसरा घ्या. ज्यांना महिनोन् महिने एकच यादी सांभाळायची आहे, कोण कुठे खचला हे लक्षात ठेवायचं आहे, त्यांनी पहिला घ्यावा, आणि पहिल्या दिवशी मिळतात ते क्रुसेडर आणि हायवेमन, रेनॉल्ड आणि डिसमस, या दोघांना शेवटच्या मोहिमेपर्यंत जिवंत ठेवून दाखवावं.